मूठ सैल करणारी ग्रिप: गोल्फ प्राइडची एमसीसी प्लस फोर, कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या हातांतून

आधी निकाल सांगतो. ज्यांचे हात कामाचे आहेत, पंजा रुंद आहे आणि गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात आला की मूठ आपोआप आवळली जाते, त्यांनी गोल्फ प्राइडची एमसीसी प्लस फोर ग्रिप, म्हणजे क्लबच्या दांड्यावर हात येतो तिथे चढवायचं रबरी आवरण, एकदा तरी लावून बघावी. पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा क्लब, सोडून माझ्या सगळ्या क्लबना मी तीच चढवली आहे. पैसे बरेच गेले, पण वसूल झाले.

असं का म्हणतो ते सविस्तर सांगावं लागेल, कारण नुसतं "ग्रिप मस्त आहे, पाच स्टार" लिहून कुणाचं भलं होत नाही. गोल्फ शिकायला लागलं की पहिल्या दिवसापासून जो तो सांगतो, "सैल धर, सैल धर." एक ते दहाचं माप सांगतात. दहा म्हणजे जीव खाऊन आवळलेलं, एक म्हणजे क्लब हातातून गळायच्या बेतात, आणि तू तीन ते पाचच्या मध्ये राहा. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण हात हुकमाने सैल होत नाही. हातात धरलेल्या वस्तूचा भरवसा वाटला तरच तो सैल होतो. वस्तू निसटेल अशी शंका आली, की तुम्ही मनात काहीही म्हणा, बोटं मिटतात. म्हणून माझं ठाम मत आहे की किती घट्ट धरायचं याचं निम्मं उत्तर दांड्यावर चढवलेल्या रबरात असतं. आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याकडे सगळ्यात शेवटी बदलली जाते. लोक नवा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, घेतात आणि सेव्हन आयर्नची, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी डोक्याच्या क्लबची, ग्रिप मात्र दगडासारखी कडक होईपर्यंत तशीच वापरतात.

घट्ट धरल्याने बिघडतं काय, हे आत्ता बसल्या जागी करून बघता येईल. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा. आता उजवी मूठ जोरात आवळा. हाताखाली स्नायू टणक झालेले लागतील. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तळहातात नसतात. ते कोपराच्या आतल्या बाजूकडून निघतात आणि त्यांच्या कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. तशीच आवळलेली मूठ ठेवून मनगट वर-खाली हलवून बघा, मग मूठ अर्धी सोडून हलवा. फरक लगेच कळतो. गोल्फच्या स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवताना, मनगट वर जाताना दुमडतं आणि खाली येताना सुटतं, वेग तिथूनच येतो. मूठ आवळली की मनगट जखडतं, मग खांदे आणि कंबर कितीही जोरात फिरवा, क्लबचं डोकं मागेच राहतं. वर कोपराच्या आतली बाजू दुखायला लागते ती वेगळीच. त्या दुखण्याला डॉक्टर गोल्फर्स एल्बोच म्हणतात. आमच्या वर्कशॉपच्या धंद्यात पाना मारून मारून कोपर धरलेले फिटर मी भरपूर पाहिलेत, त्यामुळे हे दुखणं मी हलक्यात घेत नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन अगदीच ढिलं धरायचं म्हटलं तर तेही जमत नाही. ड्रायव्हरचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं. आपल्यासारख्या हौशी माणसाच्या हातात ते चेंडूपाशी पोचतं तेव्हा वेग ताशी 145 किलोमीटरच्या घरात असू शकतो, म्हणजे सेकंदाला 40 मीटर. फिरण्याची त्रिज्या दीड मीटर धरली, तर नुसतं ते डोकंच तुमच्या हातांना 22 किलोच्या आसपास बाहेर ओढतं. ही ओढ सुरुवातीला शून्य असते आणि खाली येताना झपाट्याने वाढत जाते. गंमत अशी की त्यासाठी वेगळं आवळावं लागत नाही. ओढ वाढली की हात स्वतः तेवढाच घट्ट होतो, फक्त त्याने सुरुवात सैल करायला हवी. आधीच नऊवर असलेल्या मुठीला वाढायला जागाच उरत नाही. आणि चेंडू क्लबला चिकटून राहतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्या क्षणी जोर लावून चेंडू लांब धाडू असं कुणाला वाटत असेल तर तेवढा वेळच हाताला मिळत नाही.

आता ग्रिपकडे येतो. माझ्या आयर्नवर आधी ज्या ग्रिप होत्या त्या ऑनलाइन एका विक्रेत्याकडून स्वस्तात आलेल्या होत्या. नाव घेत नाही. पहिले काही आठवडे बऱ्या वाटल्या. मग मे महिना आला. कोल्हापुरात मे महिन्यात वळवाच्या आधी हवा कशी कोंदटते हे सांगायला नको, सकाळी आठालाच तळहात ओले. त्या ग्रिपवर पृष्ठभाग असा गुळगुळीत झाला होता की उजेडात तिरपी धरली तर चकाकायची. डाव्या अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला, आणि माझ्या हातमोज्याच्या तळव्याशी, करंगळीच्या खालच्या गादीवर, काळा रबराचा डाग आणि त्याच्या मधोमध भोक. हातमोजा तिथे फाटतो याचा अर्थ क्लब हातात घसरतो आहे किंवा तो बोटांऐवजी तळहातात धरला जातो आहे. माझ्या बाबतीत घसरत होता, आणि घसरतो म्हणून मी आवळत होतो.

एमसीसी प्लस फोरची रचना अशी आहे. वरचा भाग, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात जिथे येतो तो, रबरात सुती धागा मिसळलेला. याला कॉर्ड म्हणतात. खालचा भाग साधा मऊ रबर. धाग्याचा भाग घाम आणि ओल सोसतो, रबराचा भाग हाताला जाणीव देतो. ही दोन मालांची जोडणी एमसीसी नावाच्या सगळ्याच ग्रिपमध्ये आहे. प्लस फोरचं वैशिष्ट्य तिच्या खालच्या जाडीत आहे. साधी ग्रिप वरून खाली निमुळती होत जाते, त्यामुळे उजव्या हाताला नेहमी बारीक भाग येतो. बारीक वस्तू धरताना बोटं जास्त मिटतात आणि तळहातात रुततात, मग उजवा हात आवळतो आणि सगळा कारभार आपल्या हातात घेतो. जुने जाणते खेळाडू म्हणून उजव्या हाताखाली टेपचे चार जास्तीचे वेढे गुंडाळून मग ग्रिप चढवायचे. प्लस फोरमध्ये हे चार वेढ्यांचं जाडपण मुळातच भरलेलं आहे. चार वेढे म्हणजे इंचाचा साधारण सोळावा भाग, आपल्या भाषेत दीड मिलिमीटरच्या जरा वर. ऐकायला किरकोळ वाटतं. लेथवर काम करणाऱ्याला विचारा दीड मिलिमीटर म्हणजे काय ते.

मी हे व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, लावून पाहिलं. पुरुषांच्या नेहमीच्या ग्रिपचा व्यास वरच्या टोकापासून दोन इंच खाली मोजतात आणि तो 0.900 इंच, म्हणजे 23 मिलिमीटरला थोडा कमी, धरला जातो. तिथे जुनी आणि नवी ग्रिप जवळपास सारखीच निघाली. मात्र उजव्या हाताच्या करंगळीच्या जागी व्हर्निअर नेला की नवी ग्रिप सरळ जाड लागते. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, हाताला मात्र धरताक्षणी कळतो. बोटांची टोकं तळहातात रुतायची थांबतात.

मापाबद्दल एक खूण सांगून ठेवतो, कारण चुकीच्या मापाची ग्रिप कितीही महाग असली तरी व्यर्थ आहे. डाव्या हाताने क्लब धरा आणि मधल्या व अनामिकेची टोकं बघा. ती अंगठ्याखालच्या गादीला हलकीच टेकली पाहिजेत. गादीत रुतत असतील तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहत असेल तर जाड. माझा एक मित्र तरुणपणी गंगावेश तालमीत मेहनत केलेला पैलवान आहे. पंजा असा की माझा हात त्याच्या हातात गेला की दिसतच नाही. त्याला प्लस फोरसुद्धा बारीक पडली, त्याच्यासाठी जम्बो मापच हवं. उलट माझ्या धाकट्या मुलीला माझा क्लब दिला तर तिच्या बोटांना फट राहते, आणि वस्तू हातात मावत नाही म्हणून तीसुद्धा जीव खाऊन आवळते. म्हणजे बारीक ग्रिपनेच मूठ आवळते असं नाही, जाडीनेही आवळते. जाड घेतली की झालं, असं समजून कुणी लहान हातासाठी ही ग्रिप मागवू नका. त्यांना कमी मापाचीच ग्रिप लागेल.

चढवण्याचं काम मी माझ्याच शेडमध्ये, शिवाजी उद्यमनगरात केलं. पुण्या-मुंबईला क्लब पाठवायची गरज नाही, ज्याच्याकडे व्हाईस आहे त्याला हे काम जमतं. व्हाईसच्या जबड्यात दांडा थेट धरायचा नाही, जुन्या ट्यूबचे तुकडे मध्ये घालायचे. ग्राफाइटचा दांडा असेल तर जबडा अगदी बेताने फिरवायचा, नाहीतर दांड्याला बारीक तडा जातो आणि तो दिसतही नाही. जुनी ग्रिप आकडी पात्याने स्वतःपासून लांबच्या दिशेने कापायची, ग्राफाइटवर पातं खोल जाऊ द्यायचं नाही. खालची जुनी टेप खरवडून पूर्ण काढायची. इथे कंटाळा करू नका, टेपचा एक कपटा राहिला तरी वरून उंचवटा लागतो आणि बोट प्रत्येक वेळी तिथेच जातं. मग दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप, ग्रिपच्या वरच्या भोकावर बोट ठेवून आत टर्पेंटाइन ओतायचं, हलवून सगळीकडे फिरवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप आत ढकलायची. मध्ये थांबलात तर ती अर्ध्यावरच बसते. टर्पेंटाइन वाळेपर्यंत ग्रिप थोडी फिरवता येते, तेवढ्यात क्लबचं तोंड सरळ धरून वरची खूण जुळवून घ्यायची. पेट्रोल वापरणारे लोक आहेत. शेडमध्ये शेजारी ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असताना मी पेट्रोलच्या डब्याचं झाकण उघडणार नाही आणि कुणी उघडू नये. एक रात्र वाळू दिल्या आणि सकाळी वापरायला काढल्या.

खेळून कशा वाटल्या? रोजचा सराव गोकुळ शिरगावच्या बाजूला एका मित्राच्या रानात लावलेल्या जाळीत होतो. जाळीत चेंडू कुठे गेला असता ते कळत नाही, पण हातात काय चाललंय ते स्वच्छ कळतं, कारण दुसरं बघायला काही नसतंच. तिथे माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे चेंडूमागे उभं राहून क्लब दोनदा हलवताना डोक्याचं वजन जाणवायला लागलं. आवळलेल्या मुठीत ते वजन मरतं, क्लब नुसती काठी वाटते. दुसरी गोष्ट, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यातला चिमटा सुटला. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांकडे गेला, जिथे तो असायला हवा. हे मी प्रयत्नाने वर्षानुवर्षं करत होतो आणि बादलीभर चेंडू मारून झाले की पुन्हा मूळपदावर. ग्रिप बदलल्यावर बादली संपतानाही हात तिथेच राहिलेला असतो.

खरी परीक्षा पुण्यात झाली. मेव्हण्यामुळे येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर खेळायला मिळतं. जुलैची भुरभुर चालू होती, टॉवेलही ओला. अशा वेळी चामड्याचा हातमोजा बुळबुळीत होतो आणि माणूस घाबरून आवळतो. धाग्याच्या भागाने इथे आपलं मोल दाखवलं. डावा हात जागचा हलला नाही आणि मला पकडीबद्दल विचारही करावा लागला नाही. अर्थात सगळीकडे एकच माप चालत नाही. चेंडू लांब ओल्या गवतात बसला असेल तर गवत क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि तोंड डावीकडे वळवतं. तिथे डाव्या हाताची शेवटची बोटं मुद्दाम एक-दोन घर जास्त घट्ट करावी लागतात, मनगट मात्र सैलच. फेअरवेच्या आखूड कापलेल्या गवतावरून पुन्हा हलकं.

आता ही ग्रिप काय करत नाही ते. स्विंगच्या वरच्या टोकाला, क्लब मागे जाऊन पुढे यायला लागतो त्या वळणावर, बहुतेक जण अचानक क्लबला कवळ घालतात. सुरुवातीला चारवर असलेली मूठ तिथे एकदम आठवर जाते. चांगली ग्रिप त्याची भीती कमी करते, सवय मोडत नाही. ती सवय मोडायला मला पैलवानाची मदत झाली. तो पहिल्यांदा जाळीपाशी आला तेव्हा माझ्या मागे उभा राहून बघत होता आणि मग म्हणाला, "किती आवळालायस भावा! आमच्यात सलामीलाच कुणी हात कडक केला तर वस्ताद काठी हाणायचा. कडक हाताला डाव कळत न्हाई. समोरचा हलला की तो हाताला कळाय पाहिजे." कोल्हापूरच्या मातीत ज्यांनी कुस्त्या बघितल्यात त्यांना हे पटेल. खडाखडी चालू असताना कसलेल्या पैलवानाचे हात मऊ असतात, डाव टाकायच्या क्षणीच ते कडक होतात. त्याने मला एक साधा मार्ग सांगितला: स्विंगच्या आधी मूठ पूर्ण जोराने आवळ, तीन आकडे मोज, सोड, आणि सोडल्यावर जे उरतं तेवढ्यावरच खेळ. शिवाय दातओठ खाऊ नको, जबडा आवळला की हात आवळतोच. मी अजूनही प्रत्येक फटक्याआधी हे करतो.

घेण्याआधी दोन गोष्टींचा विचार करा. ज्यांचा चेंडू कायम उजवीकडे वळत जातो त्यांनी सगळ्या क्लबना एकदम लावू नये. जाड ग्रिपमुळे हात वळायला उशीर होतो असं बरेच कोच मानतात. आधी एकाच आयर्नला लावा, महिनाभर मारा, मग ठरवा. दुसरं म्हणजे वजन. ग्रिप चार-पाच ग्रॅमने जड झाली की डोक्याकडचा तोल एक घर हलका वाटतो. जुनी ग्रिप तराजूवर टाकून नवीशी ताडून बघा. धाग्याचा भाग उघड्या हाताला खरखरीत लागतो, हा कॉर्डच्या सगळ्याच ग्रिपचा गुण आहे. पण तो वरच्याच भागात, म्हणजे हातमोजा घातलेल्या डाव्या हाताखाली, असल्याने हातमोजा घालणाऱ्याला काही त्रास नाही. बिनहातमोज्याचे खेळणारे असाल तर त्याच कंपनीची टूर व्हेल्व्हेट घ्या, ती पूर्ण रबराची आहे, आणि जाडी टेपने वाढवा. किंमत एका ग्रिपला हजाराच्या वर गेली, पूर्ण संचाचा हिशोब आधी करून ठेवा.

बोटांचे खाचे पाडलेल्या ग्रिप मिळतात, त्यांच्याबद्दलही सांगतो, कारण नवशिक्यांना त्या फार आवडतात. सरावाला ठीक आहेत. नियमाने खेळताना मात्र पटर सोडून बाकी क्लबची ग्रिप गोलच असावी लागते, हाताच्या आकाराचे खाचे चालत नाहीत. ग्रिपच्या लांबीभर सरळ जाणारी एक बारीक उंच रेघ तेवढी चालते.

निगा न राखता तक्रार करणारे लोक मला समजत नाहीत. घाम, माती आणि हाताचं तेल मिळून रबरावर थर बसतो, आणि तो थरच घसरतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना दातांचा ब्रश, मग धुऊन सुक्या फडक्याने कोरडं करून सावलीत ठेवायचं. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने रबर मरतं. एवढं करूनही साधारण वर्षाने किंवा चाळीसेक राऊंडनंतर ग्रिप बदलाव्यात असं कंपनीच सांगते, आणि आपल्या हवेत तो हिशोब मला रास्त वाटतो.

वेजला, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबला, ही ग्रिप लावू की नको याचा मी बराच विचार केला आणि लावली. छोट्या फटक्याला आपण हात खाली सरकवून क्लब आखूड धरतो, तेव्हा निमुळत्या ग्रिपचा सगळ्यात बारीक भाग हातात येतो आणि नेमकं नाजूक कामाच्या वेळी बोटं आवळतात. प्लस फोर खालीही जाड राहते, त्यामुळे वीस यार्डांच्या चिपला हात तेवढाच मोकळा राहिला. मागवताना आतल्या भोकाचं माप बघून मागवा. बहुतेक पुरुषांच्या दांड्यांना 60 नंबरची गोल ग्रिप बसते. 58 ची घेतली तर ती ताणून बसते आणि किंचित जाड होते.